आवाज बंद करून सिनेमा

चित्रपटाला स्वतःचा चांगला आवाज असताना दशरथजी घोरमारे तो बंद का करतात, हा या लेखाचा प्रश्न आहे.

दशरथजी माझे शेजारी. पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्यांची बोली पुकारण्यात त्यांचे आयुष्य गेले. काम सोडून सौंसरला आल्यावर तो गळा त्यांनी सार्वजनिक वाचनालयाला दिला. तेथे दर शनिवारी दुपारी लहान मुलांना मोफत चित्रपट दाखवतात. चित्रपट हिंदी, आणि सतरंजीवर बसणाऱ्या बहुतेकांची शाळाही अजून सुरू झालेली नसते. त्यांना घरची बोली तेवढी कळते. म्हणून दशरथजी आवाज बंद करतात आणि पडद्याशेजारी स्टुलावर बसून सर्व पात्रांचे संवाद स्वतः बोलतात.

हे संवाद मूळ संवादांशी जुळतीलच असे नाही. सिंहाचा दरबार भरला, की सुरुवात होते, "काहून बे कोल्ह्या, कुठं होता इतके दिवस?" कोल्हा नम्रपणे सांगतो, "मोहगावले गेलो होतो जी, लग्नात." मुले मध्येच प्रश्न विचारतात आणि पात्रे उत्तरे देतात. एकदा एका चिमुरडीने राक्षसाला दटावले, "तुले आई नाही का बे?"

राक्षस विचारात पडला. "हाय न वं. बोरगावले राहते. तिले नको सांगू."

त्यानंतर पडद्यावर राक्षस माणसे खात असतानाही सतरंजीवरची सर्व मंडळी तो दशरथजींच्या सांगण्याप्रमाणे संत्री खात आहे असेच समजून चालली.

मी शिक्षक होतो; मला हे खटकले. "दशरथजी, मूळ कथेशी थोडे तरी इमान राखा."

"गुरुजी, कथा पोट्ट्यायले समजली पायजे. सिनेमावाला इथं तपासाले येऊन राहिला का?"

मी पुन्हा सतरंजीवर जाऊन बसलो.

गेल्या हिवाळ्यात एका गृहस्थांनी वाचनालयाला उत्तम ध्वनिपेटी भेट दिली. देणाऱ्याचा मान राखावा, म्हणून त्या शनिवारी चित्रपट त्याच्या मूळ आवाजासह लागला. "बरं झालं, गळ्याले आराम," असे म्हणून दशरथजींनी स्टूल भिंतीशी सरकवले. मुले मात्र पडद्याकडे पाठ करून त्यांच्याकडेच पाहत बसली. पुढच्या शनिवारी दशरथजी आलेच नाहीत.

दुपारी मी विचारपूस करायला गेलो. दार उघडे होते. आतून बाईचा आवाज आला, "जेवून घ्या न जी, थंडं होऊन राहिलं."

मी उंबरठ्यावरच थांबलो. हा आवाज मी कुंपणापलीकडून कित्येक वर्षे ऐकला होता. तो दशरथजींच्या पत्नीचा, पार्बताबाईंचा होता. आणि पार्बताबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

आत दशरथजी एकटेच होते. पुढ्यात वाढलेले ताट, तांब्याला टेकवलेला मोबाइल. त्यावर एक हत्तीण सोंडेने पिल्लापुढे चारा सरकवत होती. आवाज बंद होता.

मला पाहून ते ओशाळले. "बुढीचा आवाज हाय गुरुजी. सिनेमातली कोणतीही माय मी तिच्याच आवाजात बोलवतो. तिथं तिनं काही म्हटलं, का पोट्टे हो म्हणतात. घरी कोणी हो म्हणत नाही."

मी समोर बसलो. त्यांचे जेवण होईपर्यंत आम्ही संत्र्यांच्या बहराविषयी बोललो.

ध्वनिपेटी आता वाचनालयातील व्याख्यानांच्या कामी येते, आणि शनिवारी दशरथजी पुन्हा स्टुलावर असतात. देणारे गृहस्थही समजूतदार निघाले; ते स्वतः एका शनिवारी नातवाला घेऊन आले. त्या दिवशी पडद्यावर हत्तीण होती. तिने सोंड उंचावून विचारले, "जेवले का रे पोट्टेहो?" अख्ख्या सतरंजीने हो म्हटले. गृहस्थांनीही म्हटले. मीही म्हटले, आणि दशरथजींचे आभार मानण्याची याहून योग्य रीत मला अद्याप सुचलेली नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. परंतु मी लिहिले म्हणून वाचकांनी ते मान्य करू नये. कोणत्याही शनिवारी दुपारी वाचनालयात यावे, चपला बाहेर काढाव्यात, मुलांमध्ये बसावे आणि स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती.