सीडीतला दूधवाला

नर्सबाईंच्या नाटकात दुधात पाटाचं पाणी घालणाऱ्या माणसाचं काम रंभाजीने इतकं झकास केलं, की दुसऱ्या दिवशी त्याचं दूध कुणी घेईना.

गावात ढाळवांत्यांची साथ होती. पाणी उकळा, दूध उकळा, असं सांगून नर्स जयमालाबाईंचा घसा बसला. शेवटी त्यांनी गावकऱ्यांनाच घेऊन नाटक बसवलं, श्रीरामपूरच्या फैयाज शूटिंगवाल्याने ते सीडीवर उतरवलं आणि चावडीतल्या टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. दूधवाला व्हायला कुणी तयार नव्हतं. रंभाजी म्हणाला, कॅन माझी, मापटं माझं, मीच होतो. नाटकाचा सोस माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.

सकाळी तो बन्सीच्या दारात उभा राहिला. बन्सीच्या म्हाताऱ्या आईने पातेलं पदराआड धरलं.

"आज उपास हाय."

"दूध चालतं की उपासाला."

"आजचा कडक हाय."

गल्लीभर उपास कडक झाला होता. तेवढ्यात दुसरा दूधवाला मच्छिंद्र आला, "मी काय कुनाबद्दल बोलत न्हाई," म्हणाला आणि त्याच दारांत दूध घालत पुढे गेला. दोन म्हशी आणि गावातला रतीब, एवढ्यावर रंभाजीचं घर चालत होतं. तो कॅन घेऊन तसाच माघारी फिरला.

घरी बायकोने, भागीरथीने, भरली कॅन पाहिली. "खरं सांगा, हात येवडा बसला कसा?"

"अगं, नाटक हुतं!"

"सगळेच असं म्हनत्यात."

रंभाजीने जयमालाबाईंना गाठलं. बाईंनी त्याच संध्याकाळी चावडीत सीडी पुन्हा लावली आणि आधीच बजावलं, "हे बघा, नाटकातलं सगळं खोटं असतं."

"मंग पानी उकळायचं ते बी खोटं?" बन्सीने विचारलं. बाईंनी जीभ चावली.

पडद्यावर रंभाजीने इकडेतिकडे पाहिलं आणि पाटाचं पाणी कॅनमध्ये ओतलं.

"बघा," बन्सी म्हणाला. "असा सराईत हात पंचक्रोशीत न्हाई."

मच्छिंद्र मागे बसला होता. ही तारीफ त्याला सोसवेना. "कसला सराईत? पाटाचं पानी तसंच वतलं तर तळाला गाळ दिसतो. आदी फडक्यातनं गाळून घ्यावं लागतं."

चावडीतल्या सगळ्या माना मागे वळल्या. मच्छिंद्र घाईने पायताण शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी रंभाजीची गिऱ्हाइकं परत आली. पण बन्सीच्या म्हातारीने दूध त्याच्यासमोरच चुलीवर चढवलं आणि चांगलं उतू जाईपर्यंत त्याला हलू दिलं नाही. सगळ्या दारांत तीच तऱ्हा. कुणाचा कुणावर भरवसा उरला नव्हता. दूध उकळत होतं, पाणी उकळत होतं आणि साथ हळूहळू हटली. जयमालाबाई खूश होत्या.

रंभाजीही खुशीत घरी आला आणि चहाची वाट पाहत बसला. चहा काही येईना. आत भागीरथी उकळत्या दुधापुढे बसून होती.

"आपल्याच म्हशीचं दूध, किती उकळशील?"

"म्हस आपलीच हाय," दुधावरची नजर न काढता ती म्हणाली, "पर धार तुमी काढली ना."