शेवटच्या गाण्यातली बाई

"ऐकायची काही गरजच नाही! अडीच तारे!" नव्या अल्बमचं पाकीट फोडताफोडताच समीक्षकबुवांनी बायकोला सांगून टाकलं. तो इंग्लिश रॉक बँड चाळीस वर्षं वाजवत होता आणि त्याच्या सोळाच्या सोळा अल्बमना बुवांनी वर्तमानपत्रात अडीचच तारे दिले होते. कचेरीत सगळे त्यांना अडीचराव म्हणत. त्यांना ते आवडायचंही!

"अहो, सतरावा तरी शेवटपर्यंत ऐका," बायको म्हणाली.

झालं! तबकडी लावून, कानांवर हेडफोन चढवून अडीचराव दिवाणावर आडवे झाले. पोटात नुकतंच झालेलं जेवण, पडद्यातून झिरपणारं पिवळसर ऊन. गिटार वाजली की नाही, कुणास ठाऊक. पण हळूहळू एका बाईचा आवाज आला. शब्द नाहीत, नुसते सूर, पाण्यावरून झुळूक यावी तसे. खोली होडीसारखी डुलू लागली. अडीचराव तरंगत तरंगत कुठल्या कुठे गेले. भानावर आले तेव्हा तबकडी संपली होती आणि उशी भिजली होती!

त्यांनी एका बैठकीत लिहून काढलं, 'पाच तारे! शेवटच्या गाण्यातल्या त्या बाईसाठी मागची चाळीस वर्षं माफ!'

लेख छापून आला आणि एकच गहजब उडाला. तबकड्यांच्या दुकानाबाहेर रांग लागली. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी कळवलं, 'त्या आवाजाने मी दोनदा रडलो.' प्रतिस्पर्धी समीक्षकाने आपल्या सदरात नाक मुरडलं, 'बाईचा आवाज बरा, पण अंमळ जास्तच झाला.'

मग संपादकांचा फोन आला. "अडीचराव, मी अल्बम तीनदा ऐकला. त्यात बाई कुठाय?"

"शेवटच्या गाण्यात!"

"शेवटच्या गाण्यात नुसते ड्रम आहेत हो!"

अडीचरावांनी घाईघाईने फोन ठेवून दिला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"अगं, असं होतं ते..." म्हणत त्यांनी ती चाल गुणगुणून दाखवली.

बायको बघतच राहिली. "अहो, ही तर मी! कपड्यांच्या घड्या घालत होते. तुमच्या हेडफोनची वायर यंत्रातून निसटून जमिनीवर लोळत होती. म्हटलं, झोपलात तर झोपा!"

लग्नाला तीस वर्षं झाली होती. अडीचराव तिच्याकडे असे बघू लागले, जणू ती आत्ताच दारातून आत आली होती.

दुरुस्ती छापावीच लागली, 'सदर बाई बँडमध्ये नसून आमच्या घरी असतात.' प्रतिस्पर्ध्याने पंधरा दिवस कुणाचा फोन घेतला नाही. बायको मात्र लाजून चूर झाली.

आता घड्या घालताना ती दार लावून घेते. बाहेर अडीचराव दाराला कान लावून, श्वास रोखून उभे असतात. आतून ऐकू येतं ते फक्त चादर झटकणं!