दोन संगणक आणि एक टॉवेल

जुन्या घरगुती संगणकांच्या बाबतीत मला कोणी फसवून दाखवावं, खुलं आव्हान आहे! मी आठवीत असताना बाबांनी मला एक घेऊन दिला होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेट लावायची आणि खेळ सुरू होईपर्यंत जेवून यायचं. तो अजून माझ्याकडे होता आणि चालतही होता. फक्त त्याचा स्पेस बार दाबला की खाली जायचा आणि वर यायचं विसरायचा, कारण लहानपणी मी त्यात दूध सांडलं होतं.

मध्यंतरी एका कंपनीने त्याचीच हुबेहूब प्रतिकृती काढली. मी लगेच मागवली, अर्थात चुका काढायला. आठ दिवसांत सतरा निघाल्या. रंग पुरेसा पिवळट नाही. कॅसेटची किरकिर फारच सुरेल. यादी लिहिताना माझा चहा नेमका त्या प्रतिकृतीवर कलंडला, तर 'शेजारी कप नीट राहत नाही' ही अठरावी. यादी त्याच दिवशी कंपनीला धाडली.

दोन्ही यंत्रं जेवणाच्या टेबलावर आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन! शेवटी बायको म्हणाली, "यातला एकच राहील. दुसरा भाचीला द्या, ती कधीची मागतेय."

"नकली देऊ. कुठला ते मी डोळे मिटून सांगतो."

"मिटून नको, बांधून सांगा. आणि मग शब्द फिरवायचा नाही."

साक्षीला भाची आणि तिची आई, म्हणजे माझी ताई. माझी फजिती ताईने लहानपणापासून कधी चुकवलेली नाही, त्यामुळे ती अर्धा तास आधीच हजर झाली. बायकोने माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि यंत्रांच्या जागा बदलल्या.

खरं सांगतो, बाबांची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे उरली होती. पण पहिल्या यंत्राचा स्पेस बार दाबला, तो टुणकन वर आला आणि मला हसूच फुटलं.

"निर्जीव डबा नुसता! ने गं हा."

दुसऱ्याचा दाबला. तो खाली गेला आणि तिथेच बसला. माझे डोळे भरून आले.

"हा माझा," मी म्हणालो.

टॉवेल काढला, तर बायको कपाळाला हात लावून उभी होती.

"अहो, तुमच्या वाढदिवसासाठी म्हणून मी गेल्या आठवड्यात जुन्याचा स्पेस बार साफ करून आणला. चार दुरुस्तीवाले पालथे घातले त्यासाठी. तुम्ही एवढं छातीठोकपणे सांगत होतात, मला वाटलं खरंच ओळखाल. पण नव्याचा कसा अडकला?"

चहाचं मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

"ताई, आता तूच समजाव तुझ्या लेकीला," मी म्हणालो.

"शब्द फिरवायचा नाही," ताई म्हणाली. तिला इतकं खूश मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. भाचीने संगणक काखेत मारला आणि दोघी गेल्या.

कंपनीला मी यादी मागे घेत असल्याचं कळवलं. प्रतिकृती अचूक आहे, मी स्वतः फसलोय, याहून मोठं प्रशस्तिपत्र काय द्यायचं?

रविवारी राहवेना म्हणून ताईकडे गेलो. भाची खेळत होती. मी हळूच स्पेस बारकडे बोट नेलं. तिने यंत्र उचलून मला त्याचा तळ दाखवला. ताईने माझ्या संगणकाला शिवू नये म्हणून मी रडून गोंधळ घातला होता, तेव्हा बाबांनी खिळ्याने तिथे कोरून दिलं होतं : 'हात लावू नये.'