अकरा महिन्यांची विंच

बायको काटेवाल्यांनी अकरा मिनिटांत पसंत केली होती. (त्यातली चार मिनिटं चहा गार करण्यात गेली.) विंच निवडायला मात्र त्यांना अकरा महिने लागले. विंच म्हणजे ट्रकच्या पुढे बसवायचं ते यंत्र हो. पोटात दोर गुंडाळलेला, दोराला आकडा. चिखलात गाडी रुतली की आकडा कशाला तरी अडकवायचा, बटण दाबायचं, की गाडी आपली आपल्यालाच ओढून बाहेर काढते. सोपी गोष्ट. पण सोपी गोष्ट काटेवाल्यांच्या हाती लागली की तिचं काही खरं नसतं.

काटेवाले म्हणजे वजनकाट्यावरचे कारकून. मालाने भरलेले ट्रक येणार, लोखंडी पाटावर उभे राहणार, हे काचेच्या खोलीतून माइकवर ओरडणार, "ड्रायव्हर खाली उतरा," मग आकडा वाचून पावती फाडणार. सव्वीस वर्षं हेच. त्यामुळे माणसाला सवय अशी लागली की वजन केल्याशिवाय घरात कोथिंबिरीची जुडी ठेवायला जागा नाही. "अंदाज म्हणजे आळशी माणसाचा काटा," असं ते म्हणत. बायको म्हणे, "आणि काटा म्हणजे?" त्यावर ते चष्मा पुसत.

आता या माणसाला चारही चाकं ओढणारा डोंगरातला ट्रक कशाला हवा होता? तर अक्कासाठी. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिची वेणी घालण्यापासून हिला नांदायला पाठवण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं. अक्का राहते टेकडीवर, एकटी, सोळा कोंबड्यांबरोबर. खाली यायला तयार नाही. "कोंबड्या कोण बघेल, तुझा नवरा? तो आधी त्यांची वजनं करत बसेल."

मागच्या वर्षी हे दोघं तोच ट्रक घेऊन निघाले. शेवटच्या वळणावर झऱ्याच्या पाण्यानं बारमाही चिखल, तिथे गाडी अशी रुतली की चाकं फिरतायत आणि गाडी देवासारखी जागच्या जागी. वर अक्काचं घर दिसत होतं. पंचवीस मीटर. (मोजलं होतं, वेगळं सांगायला नको.) बायकोचे गुडघे दुखरे, चिखल मांडीपर्यंत. अक्का दारातून खाली निघाली, तर हेच ओरडले, "येऊ नका, निसरडं आहे." मग दोघी बहिणी पंचवीस मीटरवरून बोलत राहिल्या.

"जेवलीस का गं?"

"जेवले. तू?"

"तुझ्यासाठी थांबले होते."

शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी उलटी ओढून रस्त्यावर नेली. घरी येईस्तोवर बायको एक शब्द बोलली नाही. काटेवाल्यांना ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की हिला आता न्यायचं ते विंच बसवूनच, आणि विंच घ्यायची ती अशी, की दगा देणार नाही.

झालं. घरात विंच शिरली. जेवताना विंच, झोपताना विंच. हातानं फिरवायची की बॅटरीवरची. तारेचा दोर की नायलॉनसारखा मऊ. तार तुटली तर माणसाचा पाय कापते, मऊ दोर दगडावर घासला तर झिजतो. "यातलं वाईट कोणतं?" ते ताटावर बसून विचारत. बायको म्हणे, "यातलं वाईट म्हणजे आमटी गार झाली." तरी ऐकून ऐकून त्या बाईला विंच पाठ झाली. क्लच कुठे सोडायचा, दोर कसा मोकळा करायचा, रिमोटचं कुठलं बटण काय करतं. भाजी निवडता निवडता शेजारणीला सांगायची, "ड्रमवर दोर कमी उरला की ताकद जास्त मिळते बरं का." शेजारीण घाबरून उठून जायची.

विंचवाल्या दुकानदारानं तर काटेवाल्यांना बघितलं की जेवणाची सुट्टी घ्यायला सुरुवात केली. एकदाच सापडला, तेव्हा म्हणाला, "साहेब, सरळ हिशोब आहे. भरलेल्या गाडीचं वजन करा, त्याच्या दीडपट ओढेल ती घ्या. माझं ऐकाल तर त्याहून एक नंबर मोठी."

"मोठी कशाला? नाकापेक्षा मोती जड. मी बरोब्बर वजन करून आणतो."

आणि मग एका रविवारी ते बायकोला म्हणाले, "चल, जरा चक्कर मारून येऊ."

बायको हरखली. सव्वीस वर्षांत हा माणूस आपण होऊन चक्कर मारायला म्हणाला नव्हता. नवी चप्पल घातली, केसात फूल माळलं. ट्रकमध्ये बघते तर मागे पाण्याचे कॅन, दोन रजया, जादा चाक, अक्कासाठी घेतलेली कोंबड्यांच्या दाण्याची गोणी. तिला वाटलं, अगं बाई, अक्काकडेच चाललोय की काय. तर गाडी जाऊन थांबली वजनकाट्यावर.

"बसून राहा," म्हणाले, आणि आपण उतरून काचेच्या खोलीत गेले. तिला वाटलं, एवढ्या वर्षांनी आपली कामाची जागा दाखवतायत. तिनं खिडकीतून हात हलवला. यांनीही आतून हात हलवला आणि आकडा वाचला. मग म्हणाले, "आता दोन मिनिटं उतर. तिकडे सावलीत उभी राहा." पुन्हा आकडा. मग सरबत पाजून घरी आणलं. बायको खूश. आठवडाभर चपात्यांना तूप जरा जास्तच होतं.

पुढच्या रविवारी तिनं यांचा सदरा धुवायला घेतला आणि खिशातून पावती निघाली.

"गाडी, सामान, बायको: २३२०. बायकोशिवाय: २२४०. बायको: ८०."

काटेवाले पेपर वाचत होते. समोर ओली पावती आली.

"हे काय आहे?"

"ते... विंचेसाठी."

"मी विंचेला बांधायची आहे का?"

"नाही गं. गाडीत जे जे असेल ते धरावं लागतं."

"म्हणून फूल माळून मला ट्रकांच्या रांगेत तोललीत?"

"हे बघ, आपला काटा वीस-वीस किलोनं मोजतो. म्हणजे ऐंशी म्हणजे ऐंशीच असं नाही. तू सत्तरही असू शकतेस."

"आणि नव्वद?"

इथे शहाणा माणूस गप्प बसतो. काटेवाले म्हणाले, "तेही शक्य आहे."

पावती वाळवून तिनं स्वयंपाकघरात खिळ्याला लावली, यांच्या पाटासमोर. आणि दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी आमटी वाढताना म्हणाली, तीही त्यांच्याकडे न बघता, "माझं वजन कळलं ते बरं झालं. आता एक ऐका. डोळ्यांचे डॉक्टर अक्काला म्हणालेत, अजून दोन-तीन महिने काय दिसेल ते दिसेल. पुढचं सांगता येत नाही. तिला आत्ताच माणसं धुरकट दिसतात, नुसते भडक रंग कळतात. मला तिला भेटायचं नाहीये हो. भेटता तर केव्हाही येईल. मला तिला दिसायचंय."

काटेवाल्यांनी ताटावरून उठून पावतीवरचा आकडा पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांनी साडेतीन हजार किलोची विंच घेतली. दोन हजार तीनशे वीसची दीडपट तीन हजार चारशे ऐंशी, म्हणजे वर वीस किलो शिल्लक. त्या वीस किलोंचा त्यांना फार अभिमान. दुकानदार म्हणाला, "साहेब, एक नंबर मोठी घ्या हो." हे म्हणाले, "तुम्ही विकता. आम्ही मोजतो."

बायकोनं पंधरा दिवसांत स्वतःसाठी स्वेटर विणला. केशरी. असा केशरी, की रस्त्यावरची जनावरं बाजूला व्हावीत. निघायच्या दिवशी ऊन रणरणत होतं, तरी बाईनं तो घातला आणि घामानं निथळत ट्रकमध्ये बसली. रजया, कॅन, गोणी, सगळं मोजलेलंच चढवलं. ती वाटेत खायला शेंगदाणे घेत होती, तर हे म्हणाले, "ते धरलेले नाहीत." तिनं पाव किलो शेंगदाणे घराच्या आतच खाऊन टाकले आणि म्हणाली, "आता?"

शेवटच्या वळणावर गाडी त्याच जागी, त्याच खड्ड्यात, त्याच थाटात रुतली. खरं सांगायचं तर काटेवाल्यांना आनंदच झाला. विंच घेतली आणि गाडी रुतलीच नाही, तर अकरा महिने कुठे दाखवायचे? आकडा घेऊन ते चिखलातून वर निघाले, दोनदा पडले, एकदा बसले, आणि अक्काच्या अंगणाच्या कडेला जुन्या टाकीचा लोखंडी खांब होता, जमिनीत पुरलेला, त्याला पट्टा बांधून आकडा अडकवून आले. स्टेअरिंगवर बसले. रिमोटचं बटण दाबलं.

विंच घुरघुरली. दोर ताठ झाला. गाडी वीतभर पुढे आली, कण्हली, आणि थांबली. पुन्हा दाबलं. पुन्हा वीतभर पण नाही.

"काय झालं?" बायको.

"काही नाही. होईल." घाम पुसत, "वजन तर बरोबर आहे. गाडी, चाक, कॅन, रजया, गोणी, तू..."

तेवढ्यात वरून काठी टेकत टेकत अक्का उतरायला लागली. काटेवाल्यांनी खिडकीतून तोंड काढलं. "अक्का, येऊ नका, निसरडं आहे."

"गप्प बसा. मागच्या वेळी तुमचं ऐकलं म्हणून वर्ष गेलं. दूधवाला इथपर्यंतच येतो. या चिखलातून रोज जाते मी, दगड कुठे आहेत ते पायाला माहीत आहेत."

आली की सरळ. चिखल पोटरीपर्यंतच, कारण दगड माहीत. खिडकीपाशी उभी राहिली आणि डोळे बारीक केले.

"केशरी आहे काहीतरी. तूच ना गं?"

"मीच."

"तोंड कुठे आहे?"

धाकटीनं खिडकीतून मान बाहेर काढली. अक्कानं चिखलाच्या हातांनी तिचं तोंड धरलं आणि इतकं जवळ घेतलं की नाकाला नाक लागलं. बराच वेळ बघत राहिली.

"नाक तेच आहे. केस पिकलेत. आणि एवढी जाड कधी झालीस?"

"स्वेटर आहे गं तो."

"काटा वीस-वीस किलोनं..." असं काहीतरी काटेवाल्यांच्या तोंडून निघालं. त्यांनी रिमोटकडे असं बघितलं की जणू त्यावर बारीक अक्षरात काही लिहिलंय.

मग अक्का धाकटीच्या शेजारी चढून बसली आणि दोघी एकमेकींचे हात धरून बोलत राहिल्या. यांनी पुन्हा बटण दाबलं. विंच कण्हली.

"अहो," बायको मधेच म्हणाली, "तुम्ही पावतीवर काय काय धरलं होतंत?"

यांनी पुन्हा पाढा म्हटला. गाडी, चाक, कॅन, रजया, गोणी, बायको.

"आणि तुम्ही?"

काटेवाल्यांनी पुन्हा बोटं मोजली. त्या रविवारी ते काचेच्या खोलीत होते ना. सव्वीस वर्षांची सवय. काट्यावर गाडी आली की ड्रायव्हर खाली. जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांना उतरवलं, त्यात स्वतःला कधी उतरवलं ते कळलंच नाही. वर वीस किलो शिल्लक, आणि ड्रायव्हर शहाण्णव किलो.

अक्का हलकी. कोंबडीएवढी. तिचं कुणी काही धरलं नाही.

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. खिळ्यावरची पावती तिच्या डोळ्यांसमोर असणार. मग गळा साफ करून अगदी त्यांच्याच माइकच्या आवाजात म्हणाली,

"ड्रायव्हर खाली उतरा."

ते उतरले. मांडीपर्यंत. तिनं सरकून स्टेअरिंग सरळ धरलं, यांनी बटण दाबलं, आणि विंच जी गुणगुणत निघाली ती थेट अक्काच्या अंगणात. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज लांब लांब जात राहिला. काटेवाले खाली चिखलात उभे, हातात रिमोट, आणि डोळ्यांत काहीतरी गेलेलं. दोन्ही बूट चिखलानं धरून ठेवलेले.

पाय काढायला गेले, तर निघेना. हाक मारायची लाज.

थोड्या वेळानं वरून आवाज आला. "अहो, आलात का?"

"येतो. बघतोय जरा."

"काय बघताय?"

विचारता विचारताच ती समजली. वर विंचेचा क्लच सुटल्याचा खट आवाज झाला. (पाठच होती ना.) अक्कानं आकडा खांबावरून काढून उतारावर सोडून दिला, तो घरंगळत यांच्या पुढ्यात आला, आणि वर क्लच पुन्हा खट करून बसला. काटेवाल्यांनी दोर मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरला, आणि आपल्याच हातानं बटण दाबून स्वतःलाच पंचवीस मीटर वर ओढून नेलं. पालथे. बूट तिथेच राहिले.

अंगणात पोचल्यावर अक्कानं डोळे बारीक करून बघितलं. "काय गं ओढून आणलंस हे?"

"सामानच आहे," बायको म्हणाली. "धरायचं राहिलं होतं."

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी काटेवाले पाटावर बसले. समोर पावती. "बायको: ८०" च्या खाली पेन्सिलीनं तिच्या अक्षरात एक ओळ वाढली होती.

"नवरा: मोजलेला नाही. ओढला तर येतो."