पहिल्या नारळाचा पुरावा

आप्पासाहेबांनी भाकरीचा पहिला घास मोडला आणि समोर बसलेल्या नातीनं विचारलं, "आबा, भैरोबाच्या यात्रंत पयला नारळ आपुनच का फोडायचा?"

"मान हाय आपला. पिढ्यान्‌पिढ्याचा."

"पर कशापायी?"

नातीचं नाव भामा, यत्ता आठवी. आप्पासाहेब म्हणजे उंब्रजच्या अलीकडच्या निंबोळवाडीचे बडे बागायतदार आणि तिथल्या नव्या हायस्कूलच्या कमिटीचे चेअरमन. असला प्रश्न त्यांना हयातीत कोणी विचारला नव्हता. पण माघातली यात्रा तोंडावर आली होती, गुऱ्हाळाचा वास घरभर भरला होता, मन प्रसन्न होतं. त्यांनी रंगून सांगितलं. तारळी नदीला महापूर आलेला, भैरोबा पुरात वाहत चाललेला, तेव्हा त्यांच्या खापरपणज्यानं घोडा पाण्यात घातला आणि देवाला खोगिरावर बसवून काठावर आणलं.

"ह्ये कुनी बघितलं?" भामानं विचारलं.

"आं?"

"कवा झालं?"

"लय वर्सं झाली की."

"आन्‌ ही गोष्ट सांगनाऱ्याचा त्यात फायदा काय?"

आप्पासाहेबांचा घास हातातच राहिला. "कोन शिकवतं गं तुला ह्ये?"

"कवठेकर गुरुजी. इतिहासाच्या तासाला."

राजाराम कवठेकर हा मनुष्य मुळात वाईट नव्हता. सांगलीकडचा, अंगानं किरकोळ, आणि तास चालू असताना मधेच थांबून खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत राहणारा. उसाचे तुरे वाऱ्यावर हलले की त्याला भालाईत दिसत. मग मुलंही गप्प बसून उसाकडं बघत, आणि अख्खा वर्ग थोडा वेळ कुठल्या तरी लांबच्या काळात जाऊन येई. घंटा झाली की सगळे डोळे चोळत बाहेर पडत.

कोल्हापूरच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यानं एक गोष्ट मनापासून उचलली होती. इतिहास पाठ करायचा नसतो, तपासायचा असतो. या पद्धतीला तिथं आधार पद्धती म्हणत. कवठेकर मास्तरांनी तिचे तीन प्रश्न करून मुलांना दिले होते. कोणी पाहिलं, केव्हा पाहिलं, आणि सांगणाऱ्याचा फायदा काय? पहिले दोन निरुपद्रवी होते. तिसरा प्रश्न मात्र निंबोळवाडीसारख्या गावात मोकळा सोडायच्या लायकीचा नव्हता, हे कॉलेजात कोणी सांगितलं नाही.

आणि मास्तरांना जपून राहणं भाग होतं. त्यांची नेमणूक कच्ची होती. सांगलीच्या लीलाशी त्यांचं जमल्यात जमा होतं, पण तिच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "नोकरी कायम झाल्याशिवाय लग्नाच्या याद्या होणार नाहीत." लीलाला मास्तरांनी एकदाच, पोपटी लुगड्यात, पाहिलं होतं. तेव्हापासून उसातल्या भालाइतांच्या मागं अधूनमधून तीही दिसू लागली होती. नोकरी कायम करणं आप्पासाहेबांच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी तासाला भामानं आबांची गोष्ट सांगितली. लगेच मागच्या बाकावरून धनाजी पाटलांचा लेक उठला. "गुरुजी, ह्ये खोटं हाय. आमचं दादा म्हंत्यात, देव आमच्या खापरपणज्यानं आनला. ह्येंचा खापरपणजा नुसता काठावर घोडा धरून हुबा हुता!"

"वा!" मास्तर खुर्चीतून उठलेच. "दोन साक्षी, आणि जुळत नाहीत! आणखी कुणाच्या घरात काय सांगतात?"

आणखी नऊ-दहा घरांत काही ना काही सांगत होते. प्रत्येक घरातला कोणी ना कोणी त्या पुरात उतरला होता. ऐकता ऐकता मास्तरांना नदी दिसू लागली. गढूळ पाणी, पाण्यात माणसांची दाटी, आणि मधोमध एकटा देव, कोणाच्या हाताला लागावं या विचारात पडलेला. मास्तर हरखून गेले. त्यांनी गृहपाठ दिला, "प्रत्येकानं घरी जाऊन तिन्ही प्रश्न विचारायचे."

मुलांनी विचारले. त्या संध्याकाळी गावात ज्या घरी जावं तिथं चूल विझलेली आणि माणसं पेटलेली. धनाजी पाटलांकडं पालखीच्या उजव्या दांड्याचा मान होता. त्यांना लेकानंच विचारलं, "दादा, उजवा का? डावा का न्हाई?" पाटलांनी पटका डोक्यावर चढवला. ते उठून आप्पासाहेबांच्या सोप्यावर गेले.

"आप्पासाब, पुरावा काढा. न्हाईतर औंदा पयला नारळ आमचा."

"तुमी काढा की पुरावा!"

"आमच्याकडं त्या घोड्याची रिकीब हाय."

"रिकीब बाजारात बी मिळती, धनाजीराव."

पुराव्यांचा पूर आला. कोणी गंजलेली तलवार काढली, कोणी घोड्याचा नाल काढला, एकानं तर घोड्याचा दात आणून चावडीवर ठेवला. दात बैलाचा निघाला. त्यावरून दोन भावकींचं बोलणं बंद झालं.

या सगळ्यात एकटे आकाराम कांबळे निवांत होते. बौद्धवाड्यातले, लष्करातून पेन्शनीत आलेले, कमिटीचे सभासद. घरोघर साक्षी गोळा करत मास्तर त्यांच्याकडंही गेले आणि विचारलं, "यात्रेत तुमच्या घराकडं काय होतं?"

"पालखीम्होरं दिवटी धरायचं. छप्पन साली सोडून दिलं." आकाराम हसले. "मास्तर, तुमचा तिसरा प्रश्न आमी तवाच इचारला हुता. उत्तर बी गावलं हुतं."

यात्रेच्या आदल्या दिवशी आप्पासाहेबांनी मास्तरांना सोप्यावर बोलावलं. बसा म्हटलं नाही.

"मास्तर, भांडान तुमी लावलं. उद्या पालखी निघाली न्हाई, तर परवा तुमची गाडी सांगलीला. कायमची."

मास्तर घरी येऊन खाटेवर बसून राहिले. सांगलीला जायला त्यांची ना नव्हती. पण अशा जाण्यानं लीलाच्या दारात उभंही राहता येणार नव्हतं, आणि या विचारानं त्यांना खरोखर रडू आलं.

यात्रेचा दिवस उजाडला आणि कलायला लागला तरी पालखी देवळाच्या पायऱ्यांपुढं तशीच. ऊन सोन्यासारखं पिवळं झालं होतं, गुलाल हवेत तरंगत होता, ढोलवाले ढोलावर हात ठेवून पेंगत होते. पहिला नारळ फुटल्याशिवाय पालखी उचलायची नाही, हा रिवाज. आणि नारळ कोणी फोडायचा, हे ठरत नव्हतं. बायामाणसं खोळंबली. आकाराम लांब पिंपळाखाली गंमत बघत उभे होते.

"आमी फोडनार!"

"फोडून बघा की!"

आप्पासाहेब शेवटी कंटाळले. त्यांनी गर्दीतून मास्तरांना दंडाला धरून वर ओढलं आणि नारळ त्यांच्या हातात कोंबला. "धरा! तुमी लावलंय, तुमीच सांगा ह्यो कुनाला द्यायचा!"

मास्तरांनी नारळ दोन्ही हातांनी धरला. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. न्याय सांगायचा म्हणून त्यांनी मान वर केली, आणि समोर, गर्दीपलीकडच्या मळ्यात, मावळत्या उन्हात उसाचे तुरे हलले. झालं! मास्तर गेले. पाणी चढत होतं, घोडा खिंकाळत होता, खोगिरावर देव, आणि पलीकडच्या काठावर पोपटी लुगड्यात कोणीतरी उभं. मास्तरांची बोटं सैल पडली.

नारळ पायरीवर पडला. फटकन फुटला. पाणी थेट उंबऱ्यावर उडालं आणि दोन शकलं देवाकडं तोंड करून स्थिरावली.

ढोलवाल्याला एवढंच ठाऊक होतं, नारळ फुटला की ढोल वाजवायचा. त्यानं वाजवला. पालखी उचलली गेली. धनाजी पाटील उजव्या दांड्याखाली नकळत शिरलेही. मग लोकांच्या ध्यानात आलं, आणि ढोल थांबला.

"ह्यो कसला नारळ?" आप्पासाहेब गरजले. "ह्येला मान कुठला?"

पिंपळाखालून आकारामांचा आवाज आला. "आप्पासाब, मास्तरचंच माप मास्तरला लावा की. कुनी बघितलं? समद्या गावानं. कवा? आत्ता. फायदा? त्येच्या बापजाद्यानं कवा तारळी बी बघितली नसंल, त्येचा कसला फायदा? साऱ्या गावात धड पुरावा हाय त्यो ह्या एकल्या नारळाचा."

गर्दीत कुजबुज झाली. आप्पासाहेबांनी धनाजी पाटलांकडं पाहिलं, पाटलांनी आप्पासाहेबांकडं. आपल्याला मिळत नाही याचं दुःख होतं, पण त्यालाही मिळत नाही हे सुख त्याहून मोठं होतं.

"चालंल," पाटील म्हणाले.

"चालंल," आप्पासाहेब म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पर मानकरी टेंपरवारी कसा? फुडल्या साली नारळ फोडायला त्येला सांगलीस्नं बलवायचं?"

कमिटी तिथंच पायऱ्यांवर बसली. मास्तर कायम झाले. मात्र आठवीचा इतिहास काढून कवायतीच्या मास्तरांकडं दिला, आणि कवठेकर मास्तरांना भूमिती दिली, कारण त्रिकोणाच्या खापरपणज्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

वैशाखात लग्न झालं. पुढच्या माघात सासरे मुद्दाम सांगलीहून यात्रेला आले. फेटा बांधलेल्या जावयानं पहिला नारळ फोडला, ढोल कडाडले, गुलालाचा ढग उठला. सासऱ्यांचे डोळे भरून आले. पोपटी लुगड्यातली लीला हळूच पुढं झाली.

"हा मान तुमच्याकडं कसा हो आला?"

मास्तर सांगणार होते, हातातून निसटला म्हणून. पण तुरे हलत होते, ऊन पिवळं झालं होतं, आणि लीला अशी बघत होती की मास्तरांना बोलता बोलता घोड्याच्या टापा ऐकू आल्या.

"फार जुनी गोष्ट आहे," ते म्हणाले. "तारळीला तेव्हा मोठा पूर आला होता. कोणी पुढं होईना. तेव्हा आमच्यापैकीच एक मास्तर..."

सासऱ्यांनी नकळत हात जोडले. मास्तरांना त्यातला शब्दन्‌शब्द खरा वाटत होता. शेजारी भामा उभी होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

नव्या मानकऱ्यांनी चपळाईनं खोबऱ्याचा मोठा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला.