चार बोटं वर

पालघरला जिल्हा कचेरीची नवी इमारत झाली. तिच्या दारातून हत्ती अंबारीसकट आत जाईल. त्या दारातून हरेशभाऊ तामोरे वाकून आत गेले. मी बरोबर होतो. दारावरच्या हवालदाराला वाटलं, हे आपल्यालाच नमस्कार करतायत. त्यानेही गडबडीने हात जोडले. मागची रांग हसली आणि कुठे बघावं ते मला कळेना.

हरेशभाऊ माझे शेजारी. बोईसरला आमची भिंतीला भिंत. मूळ घिवलीचे, मच्छीमारांच्या घरातले. आता तारापूरच्या बाजूला त्यांचा बर्फाचा कारखाना आहे, होड्यांना तिथून बर्फ जातो. उंची सहा फूट चार इंच. मी शाळामास्तर, पाच फूट दोन इंच, आणि तेही चपलांसकट. आम्ही दोघे मिळून रिक्षाला हात केला की रिक्षावाला आधी पोटभर बघून घेतो आणि मग थांबतो.

या उंचीची हरेशभाऊंना अशी लाज, जणू ती कुठून तरी चोरून आणलीय. "चुकलं आमचं" हे त्यांचं पालुपद. आमच्या हॉलमधल्या पंख्यालाही ते "चुकलं आमचं" म्हणतात. न्हाव्याच्या खुर्चीत इतके खाली घसरतात की न्हाव्याला त्यांचं डोकं शोधावं लागतं. लग्नात फोटो काढताना मागच्यांना दिसावं म्हणून गुडघ्यावर बसतात. एका अल्बममध्ये ते नवरीच्या सासऱ्याकडे पदर पसरून काही मागत असल्यासारखे दिसतात. त्या फोटोत शेजारी मी आहे, म्हणून तो अल्बम मी कुणाला दाखवत नाही.

एकदा मी विचारलं, "एवढं कशाला वाकता हो?"

"ल्हानपनी होडीत उभा रायलो का बाबा बोंबलायचा, खाली बस, होडी कलंडंल. मी उभा रायलो का काहीतरी कलंडतं, ते डोक्यात बसलं ते बसलंच, सर."

अशा माणसाने एक दिवस बिनछताची मोटार आणली. लाल, दोन सीटांची, कुणाची तरी वापरलेली. छतच नाही म्हटल्यावर डोकं आपटायचा प्रश्न मिटला. त्या गाडीत हरेशभाऊ ताठ बसायचे. मी त्यांना ताठ बसलेलं पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. डोकं पुढच्या काचेच्याही वर जायचं, त्यामुळे चिंचणीच्या रस्त्यावर संध्याकाळी डोळ्यांत नि तोंडात चिलटं जायची. यावर त्यांनी पोहायचा चष्मा लावायला सुरुवात केली. किनाऱ्यावर सुकी मच्छी विकणाऱ्या बाया आम्हाला बघून तोंडाला पदर लावायच्या. मी पेपरामागे तोंड लपवायचो, तर पेपर उडून जायचा.

पुढे त्यांना ट्रॅक डेचं खूळ लागलं. मोटारींच्या हौशी लोकांचा एक क्लब आहे. हायवेपलीकडे कुणी तरी हौसेने बांधलेला छोटा ट्रॅक आहे, तो ते एखाद्या रविवारी भाड्याने घेतात. आपली गाडी न्यायची आणि मनसोक्त पळवायची. पण बिनछताच्या गाडीला एक अट असते. सीटांमागे पोलादी कमान लागते. गाडी उलटी झालीच तर भार तिने घ्यायचा, माणसाच्या डोक्याने नाही. तपासणीला झाडूचा दांडा घेतात. एक टोक कमानीवर, दुसरं पुढच्या काचेच्या चौकटीवर. हेल्मेट घातलेलं डोकं दांड्याखाली राहिलं तरच आत सोडतात.

गाडीला कमान होती, पण हरेशभाऊंचं डोकं दांड्याच्या चार बोटं वर जात होतं.

त्यांनी सीटमधला फोम काढला आणि पातळ रबरावर बसू लागले. तरी वरच. बोईसरच्या एका वेल्डरने कमान बघून सांगितलं, "साहब, ऊपर एक पाइप मार देता हूँ, दस मिनट का काम है." पण क्लबवाल्यांनी फोनवरच नाही म्हटलं. वरून डकवलेली नळी पहिल्याच दणक्याला मोडते.

शेवटी मी म्हणालो, "हरेशभाऊ, आयुष्यभर तुम्ही दुसरं काय केलंत? तपासणीपुरते वाका." आमच्या गॅलरीत रंगीत तालीम झाली. हरेशभाऊ खुर्चीत, माझी बायको एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये आमचा झाडू. हरेशभाऊ असे मुडपले की दांड्याखाली आणखी एक उशी मावली असती. समोरच्या बिल्डिंगमधले लोक बाहेर येऊन बघत होते. आम्ही झाडूची पूजा करतोय असं त्यांना वाटलं असावं.

रविवारी सकाळी त्यांची मुलगी केतकीही आली. कारखान्यांच्या पट्ट्यात एका लॅबमध्ये नोकरी करते. उंची बापावर गेलीय, सहा फुटाला टेकलेली. मान घालून मागे बसली, माझ्या स्कूटरवर. गाडीत दोनच सीटा आणि दुसरीवर हेल्मेटं नि पाण्याचे कॅन होते.

तपासणीला एक टकले गृहस्थ होते. हरेशभाऊ हेल्मेट घालून बसले आणि छान वाकले. गृहस्थ दांडा घेऊन आले. केतकी कठड्याशी उभी होती, खांदे पाडून. हरेशभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि गाडीत सरळ ताठ झाले. दांडा हेल्मेटला अडला.

"काका, थोडे खाली सरका."

"नाय."

"अहो, थोडंसंच. आत्ता तर बसत होतात."

"आत गेल्यावर मी असाच बसनार हाय. गाडी कलंडली तर ते वाकून दिलेलं माप काय कामाचं?"

मागे कुणी तरी म्हणालं, "छत तर कापलंच आहे, आता मान कापा." सगळे हसले. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. अख्ख्या सोसायटीला सांगून आलो होतो आम्ही. हरेशभाऊंनी गाडी मुकाट्याने बाजूला लावली.

पत्र्याच्या शेडमागे चहा घेताना मी फणकारलो, "ही काय वेळ होती ताठ बसायची?"

त्यांनी कप खाली ठेवला. "सर, गेल्या महिन्यात केतकीला बघायला मानसं आली. पोरगा तिच्या खांद्याला लागत होता. मी पोरीला म्हटलं, उभी नको राहू. पाटावर बस, बसूनच चहा दे. बसली ती. त्यांचा नकार आला, तो येऊं दे. पन तवापासून ती दारातून वाकून जाते. माझ्यासारखी." "लाज माझी होती. तिच्या ताटात कशाला वाढली मी?"

त्यांनी नाक पुसलं, कान लाल झाले होते. आज तिच्यासमोर पुन्हा वाकायला त्यांना जमलं नव्हतं, एवढंच. मी मघाशी फणकारलो त्याचीच मला लाज वाटली.

आम्ही परत आलो तर केतकी गाडीत बसली होती, हेल्मेट घालून. टकले गृहस्थ दांडा धरून उभे. तिच्याही हेल्मेटला तो टेकला होता आणि आजूबाजूचे लोक बघत होते. ती खाली सरकली नव्हती.

"बाबा, हे म्हणतात, कमान मुळापासून नवी, उंच बनवून चॅसीला बोल्टने बसवली तर चालते," ती म्हणाली. "आपल्या दोघांच्या डोक्यावरून जाईल अशी करून घेऊ. आधी माझं माप घ्या."

हरेशभाऊंनी गृहस्थांच्या हातातला दांडा बाजूला सारला. तिच्या हेल्मेटवर चार बोटं आडवी ठेवली.

"ताठ बस," ते म्हणाले. "आनखी ताठ."