एव्हेलिओच्या ट्रकपासून पंच्याहत्तर मीटर

"सरकारकडून करमाफी कशी उकळायची, ते माझ्याकडून शिका!" असं सांगत एव्हेलिओ आठवडाभर अख्ख्या तुरिआल्बा गावात छाती काढून फिरत होता. योजना सोपी होती. जुनी डिझेल गाडी भंगारात घाला, विजेच्या गाडीवरचा कर माफ! गल्लीत मावत नाही म्हणून वीस वर्षं कोपऱ्यावर उभा राहणारा, काळा धूर ओकणारा ट्रक त्याने भंगारात घातला. आता विजेच्या व्हॅनमधून तो गावोगाव चीज विकणार होता. करमाफी मिळाली नाही तर व्हॅन परवडणार नव्हती, आणि ट्रक तर गेलाच होता. म्हणजे धंदाच बसला!

आणि पत्र आलं. 'अर्ज नामंजूर. अर्जानुसार जुने वाहन जागेवरच आहे.'

एव्हेलिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच कर कार्यालयात थडकला आणि खिडकीतल्या कारकून बाईंवर ओरडला.

"बाई, भंगारवाल्याची पावती जोडलीय! डोळे फुटलेत का?"

"आवाज खाली! पावतीवर ट्रक गेलाय, पण अर्जावर आहे. हा पत्ता वाचा. 'एव्हेलिओच्या ट्रकपासून पंच्याहत्तर मीटर दक्षिणेला, निळं फाटक.' अक्षर तुमचंच ना?"

"मग काय लिहू? आमच्या गल्लीला नाव नाही, घराला नंबर नाही! विजेच्या बिलावर हाच पत्ता, पोरीच्या लग्नपत्रिकेवर हाच!"

"ते मला नका सांगू. उद्या शेवटची तारीख. निरीक्षक येतील, ट्रक नाही याची खात्री करतील आणि घरी येऊन तुमची सही घेतील."

एव्हेलिओ धुमसतच परतला आणि दारोदार फिरून त्याने दम भरला. "उद्या माझा ट्रक इथे आहे असं जो म्हणेल, त्याची खैर नाही!"

कोपऱ्यावरच्या सोइला मावशी गोंधळल्या. "अरे, पण मग तुझं घर सांगायचं कसं?"

"सांगूच नका! तोंडच उघडू नका!"

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी निरीक्षकाचा पत्ता नाही. एव्हेलिओ फाटकापाशी येरझारा घालत होता. बायको ओदिलिया म्हणाली, "अहो, दोन घास तरी खा." तो तिच्यावरही खेकसला. तेवढ्यात फोन वाजला.

"मी निरीक्षक सोलानो. तासभर उन्हात फिरतोय! तुमचं नाव काढलं की लोक दारं लावून घेतात. एक मावशी तर म्हणाल्या, कोण एव्हेलिओ? या नावाचा माणूसच इथे नाही! मी चाललो परत."

"नाही?" एव्हेलिओ कडाडला. "वीस वर्षं चीज खाल्लं माझं, आणि कोण एव्हेलिओ? अहो, शेंबडं पोरही सांगेल! तिथे कोपऱ्यावर माझा ट्रक उभा आहे ना, तिथून सरळ खाली या!"

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"उभा आहे म्हणालात?"

"म्हणजे... आहे म्हणजे..."

"लिहून घेतलं. मग आता यायची गरज नाही."

फोन बंद झाला. एव्हेलिओने रागाने इकडेतिकडे पाहिलं, पण शिव्या घालायला स्वतःशिवाय कोणी उरलंच नव्हतं!